पद्मिनीचे बुश: टिकणाऱ्या रबराचा शोध

वडिलांनी १९८४ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आमच्याकडे अजून चालू स्थितीत आहे. तिचे १०८९ सीसीचे इंजिन एकदा पूर्ण उतरवून बांधून घेतले आणि त्यानंतर त्याने कधी त्रास दिला नाही. सस्पेंशनचे बुश मात्र मी गेल्या पाच वर्षांत तीन वेळा बदलले, आणि चौथ्या वेळी साचा बनवून ते स्वतः तयार करून घेतले. बुश म्हणजे एका लोखंडी नळीत दुसरी बारीक नळी आणि दोन्हींच्या मधे रबर. मुठीत सहज मावणाऱ्या या वस्तूने माझा जेवढा वेळ आणि पैसा घेतला, तेवढा गाडीच्या दुसऱ्या कोणत्याही भागाने घेतलेला नाही. ज्यांच्या दारात जुनी फियाट किंवा त्या पिढीची दुसरी एखादी गाडी उभी आहे, त्यांचा तरी हा खर्च वाचावा म्हणून सगळे तपशीलवार लिहितो आहे.

पद्मिनी ही मुळात १९५३ साली इटलीत आलेल्या फियाट ११०० या गाडीची वंशज. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ती आधी फियाट या नावाने तयार होत असे आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने निघू लागली. नाव बदलले तरी चेसिसखालची रचना तीच राहिली. ‘चेसिसखालची’ हा शब्द सवयीने वापरला. या गाडीला वेगळी चेसिस नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार घेते. पुढच्या प्रत्येक चाकाला खाली-वर दोन विशबोन (चाकाला बॉडीशी जोडणारे, खाली-वर हलणारे लोखंडी हात) आणि कॉइल स्प्रिंग, मागे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे. विशबोनची आतली टोके, पाट्यांचे डोळे (टोकांची गोल भोके), शॅकल (पाट्याचे टोक बॉडीला जोडणाऱ्या हलत्या पट्ट्या), शॉकअ‍ॅब्सॉर्बरची टोके आणि स्टॅबिलायझर बारचे आधार, या सगळ्या ठिकाणी लोखंड आणि लोखंड यांच्या मधे रबर आहे. बॉडीच भार घेणारी असल्यामुळे रबर गेले की रस्त्याचा प्रत्येक धक्का थेट पत्र्यापर्यंत पोहोचतो. जुन्या पद्मिनींच्या सस्पेंशनच्या आधारांपाशी वेल्डिंगचे डाग दिसतात, त्यांतले बरेचसे याच कारणाने आलेले असतात असे माझे मत झाले आहे.

बुश गेल्याची जाणीव मला खंबाटकी घाटात झाली. साताऱ्याकडे जाताना घाट उतरत होतो आणि ब्रेक दाबला की गाडी डावीकडे अंग टाकत होती. ब्रेक सोडला की पुन्हा सरळ. ब्रेकचे लायनर आणि व्हील सिलिंडर आधीच नवे होते. पुण्यात परतल्यावर मिस्त्रीकाकांनी गाडी जॅकवर घेतली, डाव्या खालच्या विशबोनखाली टॉमी (लोखंडी कांब) घातली आणि हलकेच उचलून दाखवली. विशबोनचे आतले टोक पिनेभोवती स्पष्टपणे खाली-वर होत होते. ब्रेक लागल्यावर चाक मागे ओढले जाते. बुश घट्ट असेल तर विशबोन जागा सोडत नाही, पण इथे चाकच काही मिलिमीटर मागे सरकत होते आणि त्याबरोबर स्टिअरिंगची भूमिती बदलत होती. टायरची आतली कड एका बाजूने खाल्ली गेली होती, तीही याच कारणाने.

पहिल्या वेळी मी फारसा विचार न करता एका गॅरेजमध्ये गाडी सोडली आणि सगळे बुश बदलून घेतले. सात महिन्यांत पुन्हा तोच आवाज सुरू झाला. काढलेले बुश मी मागून घेतले आणि घरी टेबलावर मांडले. रबर चांगले होते, मऊ होते, त्याला भेगाही नव्हत्या. पण आतल्या नळीपासून ते अर्ध्याहून अधिक परिघात सुटले होते आणि सुटलेला भाग सगळ्या बुशमध्ये एकाच बाजूला होता. असे का झाले हे समजायला मला काही दिवस लागले, आणि या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला तिथेच कळली.

या प्रकारच्या बुशमध्ये रबर दोन्ही नळ्यांना चिकटलेले असते. आतली नळी बोल्टाने आवळली की ती बॉडीच्या बाजूला पक्की होते, बाहेरची नळी विशबोनमध्ये दाबून बसवलेली असते. विशबोन खाली-वर होते तेव्हा कुठेही घसरण होत नाही. फक्त मधले रबर पिळले जाते आणि परत सरळ होते. म्हणून अशा बुशला ग्रीस लागत नाही, आवाजही होत नाही. पण याचाच अर्थ असा की बोल्ट ज्या स्थितीत आवळला, ती त्या रबराची विश्रांतीची स्थिती ठरते. त्या गॅरेजमध्ये गाडी जॅकवर असताना, चाके लोंबकळत असतानाच बोल्ट आवळले गेले होते. गाडी खाली उतरवल्याबरोबर विशबोन वर गेले आणि रबर कायमचे एका बाजूला पिळलेले राहिले. गाडी नुसती उभी असतानाही ते ताणात होते, आणि प्रत्येक खड्ड्यात त्या ताणावर आणखी ताण चढत होता. कोणत्याही कंपनीचा, कितीही महागाचा बुश अशा रीतीने बसवला तर तो लवकर जाणारच. बोल्ट सैल ठेवून गाडी चाकांवर उभी करायची, दोन-चार वेळा दाबून सोडायची, आणि मगच आवळायचे, एवढेच करायला हवे होते.

दुसऱ्या वेळी मी बसवण्याकडे स्वतः लक्ष दिले, पण माल चुकीचा घेतला. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूला जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी धावत होत्या तोवर तिच्या बुशला रोजचे गिऱ्हाईक होते. माल येत होता आणि जात होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओमध्ये २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती, आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. टॅक्सींची संख्या त्याआधीच काही वर्षे घटत चालली होती आणि त्याबरोबर बाजाराची तऱ्हाही बदलली. आता दुकानात दोन प्रकारचा माल मिळतो: एक, वर्षानुवर्षे फळीवर पडून असलेला जुना माल, आणि दोन, कुठेतरी कमीत कमी खर्चात काढलेला नवा.

जुन्या मालाचा मोह मोठा असतो. पिवळट खोका, जुन्या पद्धतीची छपाई, आत न वापरलेला बुश. लोखंडी भाग असता तर मी डोळे मिटून घेतला असता. रबर मात्र खोक्यातही म्हातारे होते. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याच्यावर काम करतच राहतात, आणि ते कडक आणि ठिसूळ होत जाते. एका दुकानदाराने मोठ्या प्रेमाने काढून दिलेल्या जुन्या बुशच्या रबरावर मी अंगठ्याचे नख दाबले, तर नखाची खूण उमटली आणि तशीच राहिली. चांगल्या रबरात ती लगेच भरून यायला हवी. मी तो परत ठेवला आणि नवा संच घेतला.

नव्याची गोष्ट त्याहून वाईट निघाली, आणि ती मला आधी दिसली नाही याचे अजून वाईट वाटते. बुश हातात जड लागत होता, आणि मला वाटले जड म्हणजे भरीव, म्हणजे मजबूत. प्रत्यक्षात उलट असते. पाण्याची घनता १ धरली तर कच्च्या नैसर्गिक रबराची ०.९२ असते, कार्बन ब्लॅक (बारीक काजळी) घालून केलेले चांगले मिश्रण १.१ ते १.२ च्या आसपास येते. पण स्वस्तात काढायचे म्हणून त्यात चुन्याची भुकटी किंवा माती भरली की ते १.४ च्याही वर जाते. शिवाय आतली नळी जुन्या नळीपेक्षा अर्धा मिलिमीटर आखूड होती. अर्धा मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतो. पण आतली नळी बाहेरच्या भागांपेक्षा लांब असायला हवी, म्हणजे बोल्टाचा सगळा दाब तिच्यावर येतो आणि ती जागची हलत नाही. ती आखूड पडली की बोल्ट कितीही आवळा, नळी पिनेवर फिरत राहते, रबराऐवजी लोखंड लोखंडावर घासते, आणि तीन महिन्यांत पीनही जाते. माझी पीन गेली. बुशच्या किमतीच्या कित्येक पट खर्च त्या पिनेने करवला.

इथे मी वैतागून पॉलियुरेथेनकडे, म्हणजे रबरासारख्या पण जास्त कडक प्लॅस्टिककडे वळलो. पुण्यात पॉलियुरेथेनचे रॉड मिळतात आणि लेथवर हवा तसा बुश कातून देणारेही मिळतात. शोअर ए मापावर ९० कडकपणाचा रॉड आणला, जुन्या नळ्यांच्या मापाने बुश कातून घेतले आणि बसवले. पहिल्या दिवशी गाडी चालवताना मन प्रसन्न झाले. स्टिअरिंग नेमके झाले, ब्रेक लावल्यावर गाडी रेघेत थांबू लागली. ज्यांना गाडी स्पर्धेत पळवायची आहे, त्यांनी हे जरूर करावे.

पण पद्मिनीची खुबी तिच्या मऊपणात आहे. वडील मागच्या सीटवर बसून वर्तमानपत्र वाचत असत, तो मऊपणा आठवडाभरात गेल्याचे माझ्या लक्षात आले. डांबरावरची खडी आता पायाला कळू लागली, डॅशबोर्डमध्ये बारीक थरथर आली. मग जून आला. कातलेला पॉलियुरेथेनचा बुश नळीला चिकटलेला नसतो; तो पिनेवर घसरतो, म्हणून त्याला सिलिकॉनचे ग्रीस लागते. ताम्हिणी घाटातल्या एका पावसाळी फेरीत ते ग्रीस धुऊन गेले आणि त्यानंतर प्रत्येक गतिरोधकावर जुन्या दाराच्या बिजागरीसारखे करकरणे सुरू झाले. शिवाय पॉलियुरेथेनमध्येही दोन जाती आहेत. पॉलिएस्टर जातीचे पाण्याने आणि दमट उष्णतेने हळूहळू आतून तुटत जाते. पॉलिइथर जातीचे पाण्याला टिकते. रॉड विकणाऱ्याला मी विचारले तेव्हा त्याला फक्त रंग सांगता आला. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्या कोणी हा मार्ग घ्यायचा ठरवलाच, तर हा एक प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

या अनुभवानंतर मी मुळाशी गेलो. फियाटच्या अभियंत्यांनी सत्तर वर्षांपूर्वी नैसर्गिक रबर निवडले ते दुसरे काही मिळत नव्हते म्हणून, असा माझा समज होता. तो चुकीचा होता. लक्षावधी वेळा पिळूनही न फाटण्याच्या बाबतीत नैसर्गिक रबर आजही फार वरचे आहे, कारण ताणले गेले की त्याचे रेणू भेगेच्या टोकाशी ओळीत येऊन घट्ट होतात आणि भेग पुढे जाऊ देत नाहीत. त्याचे शत्रू मोजकेच आहेत: तेल, ओझोन आणि जास्त उष्णता. त्यांपासून त्याला सांभाळले तर ते वर्षानुवर्षे काम करते. कडकपणाबद्दलही माझी कल्पना बदलली. रबराचा कडकपणा ४५ वरून ६० वर नेला की पिळण्याला होणारा विरोध जवळजवळ दुप्पट होतो; म्हणजे कडक बुश टिकाऊ असतोच असे नाही, तो चिकटलेल्या जागेवर जास्त जोर मात्र नक्की टाकतो.

भोसरीच्या एमआयडीसीत रबर मोल्डिंगचे अनेक छोटे कारखाने आहेत. त्यांतल्या एकाचे मालक वयस्कर आहेत आणि त्यांनी उमेदीच्या काळात पंपांचे आणि यंत्रांचे माउंटिंग भरपूर केले आहे. मी जुने बुश, मापांचा कागद आणि पॉलियुरेथेनचे करकरणारे तुकडे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “किती नग?” मी म्हणालो, “बारा.” ते हसले आणि म्हणाले, “अहो, बारासाठी मी मिक्सिंग मिल चालू केली तर माझं विजेचं बिलही निघणार नाही. शंभर करा, मग बोलू.” मग मी पुण्यातल्या आणि कोल्हापूरच्या पद्मिनीवाल्यांना फोन केले. आम्ही आठजण जमलो आणि शंभराचा आकडा पूर्ण झाला. साच्याचा खर्च आठांत वाटला गेल्यावर एक बुश बाजारातल्या बुशच्या साधारण अडीचपट किमतीला पडला. सुट्या भागांसाठी एकट्याने वणवण करणाऱ्यांना मी कळकळीने सांगेन, की आधी माणसे जमवा.

कारखान्याच्या मालकांनी केरळच्या आरएसएस चार (रिब्ड स्मोक्ड शीट, म्हणजे धुरावर वाळवलेले शीट) प्रतीचे रबर वापरले. (आपल्या दोडामार्गाकडेही आता रबराच्या बागा आहेत, हे त्यांच्याच तोंडून ऐकून बरे वाटले.) कडकपणा शोअर ए ५८ ते ६० ठरला, आणि ओझोनपासून वाचवणारे मेण व रसायन मिश्रणात घालायचे ठरले. नळ्या सीमलेस पाइपातून लेथवर कातून घेतल्या. आतली नळी जुन्या मापाने, एक दशांश मिलिमीटरचाही फरक न ठेवता. त्या वाळूच्या फवाऱ्याने खरबरीत करून, हाताचा स्पर्श होऊ न देता प्रायमर आणि त्यावर चिकटद्रव्य लावून वाळवल्या. मालक म्हणाले, “इथे घामाचा एक ठसा लागला तरी तेवढी जागा सुटते. पोरांना मी हातमोजे घालायला लावतो ते थंडी वाजते म्हणून नाही.”

साच्यात दीडशे अंशांच्या आसपास बुश शिजले. बाहेर आल्यावर त्यांनी प्रत्येक बुश एका निमुळत्या डायमधून हाताच्या प्रेसने दाबून काढला, तेव्हा बाहेरची नळी केसभर आवळली गेली. हे का, ते मी विचारले. थंड होताना रबर आकसते, पण ते दोन्ही नळ्यांना चिकटलेले असल्यामुळे आकसायला जागा नसते आणि जन्मापासूनच ते ताणात राहते. ताणातल्या रबराला भेग लवकर पडते, दाबातल्याला उशिरा. बाहेरून केसभर आवळले की तो ताण निघून जातो. बाजारातल्या स्वस्त बुशवर हे काम कोणी करत नसावे, कारण पाहिल्यावर ते दिसत नाही.

पहिल्या घाण्यातला एक बुश त्यांनी माझ्यासमोर हॅकसॉने उभा कापला, व्हाइसमध्ये धरला आणि पकडीने रबर नळीपासून ओढायला लावले. मी सगळा जोर लावला. रबर फाटले, पण फाटले ते मधोमध; नळीवर काळ्या रबराचा थर तसाच चिकटून राहिला. “लोखंड चकचकीत दिसलं असतं तर सगळा घाणा भंगारात गेला असता,” असे म्हणून त्यांनी तो तुकडा माझ्या हातात दिला. दुकानात कोणी बुश कापू देणार नाही हे खरे. पण संच घेताना एक जादा नग घ्यावा आणि घरी कापून पाहावा, हे मी त्या दिवसापासून करतो.

बसवण्याचे काम मिस्त्रीकाकांकडे होते. जुन्या बाहेरच्या नळ्या विशबोनमध्ये गंजून बसल्या होत्या. त्या हातोड्याने न ठोकता हायड्रॉलिक प्रेसवर, खाली योग्य मापाचा पाइप धरून काढल्या. नवे बुश दाबताना जोर बाहेरच्या नळीच्या कडेवरच द्यायचा, आतल्या नळीवर किंवा रबरावर मुळीच नाही. वंगण म्हणून साबणाचे पाणी, ग्रीस अजिबात नाही. बोल्ट सैल ठेवून गाडी चाकांवर उभी केली, पुढच्या सीटवर मी आणि माझा भाऊ बसलो, गाडी चार पावले पुढे-मागे ढकलून घेतली आणि काकांनी खाली आडवे होऊन टॉर्क पान्याने सगळे बोल्ट आवळले. मागच्या पाट्यांच्या बोल्टांनाही तोच नियम. दुसऱ्या दिवशी व्हील अलाइनमेंट केले.

एक गोष्ट मात्र मी सर्व्हिस स्टेशनवाल्यांना दर वेळी सांगतो आणि दर वेळी स्वतः उभे राहून पाहतो. गाडी धुऊन झाली की खालून डिझेलचा किंवा जळक्या ऑइलचा फवारा मारण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. पाटे करकरू नयेत, पत्रा गंजू नये, हा त्यामागचा हेतू चांगला आहे. पण नैसर्गिक रबर तेलाने फुगते, मऊ पडते आणि चिखलासारखे सुटू लागते. आमच्या गाडीचे मूळ बुश किती वर्षे टिकले असते हे वडिलांनी दर पावसाळ्याआधी प्रेमाने मारून घेतलेल्या त्या फवाऱ्यामुळे कधीच कळणार नाही. आता मी बुशच्या जागा वगळून ब्रशने गंजरोधक लावतो, आणि स्टिअरिंग बॉक्समधून तेल पाझरत होते ते सील बुश बसवण्याआधी बदलून घेतले.

दोन पावसाळे आणि सुमारे अकरा हजार किलोमीटर झाले आहेत. मागच्या महिन्यात काकांनी पुन्हा टॉमी लावून पाहिली. विशबोनने जागा सोडली नाही, आणि रबराच्या कडांना भेग नाही. आठांपैकी एकाच गाडीत मागच्या शॅकलचा एक बुश गेला. त्याच्या शॅकलची एक पट्टी वाकलेली निघाली. उरलेले बुश आम्ही वाटून घेतले आहेत. माझ्या वाट्याचे नग टाल्कम पावडर लावून, प्लॅस्टिकच्या काळ्या पिशवीत घालून कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवले आहेत. उजेडापासून दूर, आणि विजेच्या ठिणगीने ओझोन तयार होतो म्हणून मोटारीपासूनही दूर. पिशवीवर साच्यातून काढल्याची तारीख लिहिली आहे. साचा भोसरीतच आहे, आणि नाशिकहून दोघांनी पुढच्या घाण्यासाठी आपली मापे पाठवली आहेत.